165 ची रेघ

आमच्या हायस्कूलच्या मागच्या भिंतीवर गेरूनं ओढलेली एक आडवी रेघ आहे. जमिनीपासून बरोबर 165 सेंटिमीटर. ती माझ्या आधीच्या पी.टी.च्या सरांच्या काळातली. पावसाळ्यात पुसट होते आणि दसऱ्याच्या आसपास कोणीतरी पोट्टा ती पुन्हा गडद करतो. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायचं तर पुरुष उमेदवाराला एवढी उंची लागते. मुलींची 155 ची रेघ शेजारीच आहे, ती त्यांनी स्वतःच खडूनं ओढून घेतली. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, कापूस नाहीतर सोयाबीन, आणि दोन-चार एकरांत भावाभावांचे वाटे. इथं वर्दीची नोकरी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. भिंतीला पाठ टेकवायची आणि डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरून मित्राला विचारायचं, "किती भरली बे?" इथल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा हा रोजचा उद्योग.

मागच्या हिवाळ्यात बारावीतला एक मुलगा वजनं उचलायला यायचा अचानक बंद झाला. वजनं म्हणजे फार काही नाही. एक लोखंडी पाइप, त्याच्या दोन्ही टोकांना तेलाचे रिकामे डबे, त्यांत सिमेंट-रेती ओतून घट्ट केलेली. किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन मोजलं तर 18 किलो भरलं. शिवाय दोन मुगदर आणि आखाड्यात उचलायची दगडाची एक जुनी, जड नाल. नाल कोणी उचलत नाही, तिच्यावर बसून पोरं मोबाइल पाहतात. मुलगा का येत नाही म्हणून त्याच्या घरी गेलो, तर आजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "सर, राग नका मानू, पन ते लोखंड त्याले उचलाले लावू नका. वाढतं हाड हाय. दबून जाईन. पोट्टं बुटकंच राहीन मंग." वर चहा पाजला. पुढं बोलायला जागा ठेवली नाही.

दोन दिवसांनी तोच मुलगा मला रस्त्यावरच्या कृषी केंद्रापुढं दिसला. युरियाचा ट्रक आला होता. युरियाची गोणी 45 किलोची. पाठ दुमडून, मान एका बाजूला वळवून, रुमालाचं टोक दातांत धरून तो ट्रक ते गोदाम खेपा मारत होता. सकाळपासून पोटात चहा आणि दोन टोस्ट. आजीला हे माहीत होतं. घरात हप्त्याचे पैसे भरायचे होते, तिनंच पाठवलं होतं.

18 किलो लोखंडानं हाड दबतं आणि 45 किलो युरियानं दबत नाही, हे गणित एकट्या आजीचं नाही. ग्रामसभेत व्यायामशाळेचा विषय निघाला की सरपंचापासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे हेच बोलतात. एम.ए. झालेले शिक्षकही बोलतात. तालुक्याच्या एका डॉक्टरनंसुद्धा एका पालकाला "अठरा वर्षांपर्यंत जिम नको" एवढंच सांगून वाटेला लावलं होतं. हा समज चुकीचा आहेच. पण त्याच्या आडोशाला गावातला एक खरा प्रश्न निवांत बसून राहतो, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

आधी हाडाचं पाहू. लांब हाड सगळीकडून सारखं वाढत नाही. ज्वारीचा धांडा जसा पेराजवळ वाढतो, तशी मांडीची, नळीची, दंडाची हाडं टोकाजवळच्या एका पट्टीत वाढतात. ती पट्टी कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या कडेत जसा लवचिक भाग असतो तशा जातीची. तिथं नव्या पेशी तयार होतात, मागच्या पेशी हाडात बदलतात आणि हाड लांबत जातं. वयात येताना संप्रेरकं वाढतात तेव्हा ही पट्टी आधी जोरात काम करते आणि मग हळूहळू हाडात विरून जाते. मुलींची साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान, मुलांची सोळा ते अठराच्या दरम्यान, कोणाची थोडी पुढंमागं. एकदा ती बंद झाली की उंची संपली. मग झाडाला लटका, पावडर प्या, नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत कुठला काढा घेऊन या, सेंटिमीटर मिळत नाही.

पट्टी मऊ असते आणि तिला इजा होऊ शकते, हे खरं आहे. लहान मुलांच्या हाडमोडीत साधारण 15 ते 30 टक्के वेळा ती पट्टीजवळ असते, आणि त्यातल्या बहुतेक नीट उपचारानं भरून येतात. पण ती मोडते कशानं? झाडावरून पडून, बंडीवरून पडून, सायकलवरून, कबड्डीत. बेतानं आणि शिकवून उचललेल्या वजनानं ती दबून वाढ खुंटते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेनं 2008 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये या विषयावर सविस्तर निवेदन काढलं. देखरेखीखाली, नीट पद्धतीनं केलेल्या वजनाच्या व्यायामानं मुलांची उंची कमी होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटना तर उलट सांगते. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं व्यायाम करावा आणि आठवड्यातून किमान 3 दिवस त्यात स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम असावा, हे तिचं 2020 चं मार्गदर्शन आहे. हाडावर बेतानं भार पडला की हाड दाट होतं. उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते त्या वर्षाच्या आगेमागे दोनेक वर्षांत माणूस आपल्या आयुष्यभराच्या हाडातल्या खनिजाचा जवळपास पाव हिस्सा जमा करतो. नेमकी तीच वर्षं आपण "दबून जाईन" म्हणत घालवतो.

मग हा समज आला कुठून? एक धागा थेट शेतमजुरीशी जोडलेला आहे, म्हणून सांगतो. 1960 च्या दशकात जपानच्या दुर्गम भागातल्या कष्टकरी मुलांविषयी एक अहवाल आला. ही मुलं जड ओझी वाहायची आणि बुटकी राहिली होती. ओझं वाहिलं म्हणून बुटकी, असा अर्थ जगानं काढला. पण दिवसभर ओझी वाहणारी गरीब घरची मुलं कमी खातात, कमी झोपतात, आजारी पडतात. त्यातलं एकटं ओझं बाजूला काढून त्याला दोषी ठरवायचं कसं? पुढं 1970 च्या सुमारास डोक्याच्या वर भलतं वजन पेलताना मनगटाची पट्टी मोडल्याची काही पोरांची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवली. तीही बहुतेक घरच्या घरी, शिकवणारा नसताना केलेली उचलाउचली. दोन्हींची गाठ बसली आणि "वजन उचललं की उंची खुंटते" असं पक्कं होऊन ते जगभर फिरलं.

आपल्याकडं त्याला आखाड्यानं दुजोरा दिला. पहिलवान बुटके दिसतात, वजन उचलणारे खेळाडू बुटके दिसतात, जिम्नॅस्टिकच्या मुली तर चिमुकल्या. पण आखूड हातापायांच्या माणसाला बार वर न्यायला अंतर कमी लागतं, तो त्या खेळात पुढं जातो, टिकतो आणि टीव्हीवर दिसतो. उंच माणूस त्यातून आधीच गळतो. बास्केटबॉलमध्ये याच्या उलटं होतं. तरी शहरातले पालक पोराला उंच करायला बास्केटबॉलच्या क्लासला घालतात आणि आमच्या गावात पोरं कडुनिंबाच्या फांदीला लटकतात. लटकून हात मजबूत होतात. ते काही वाईट नाही.

आणि एक पुरावा पोरांतल्या एकानं स्वतःच मला दाखवला. "सर, खरंच कमी होते. मी मोजलं." सकाळी मोजलं तेव्हा साडेचौसष्ट, संध्याकाळी कट्टे उचलून आल्यावर त्रेसष्टच्या थोडं वर. तो खोटं बोलत नव्हता. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांत पाणी असतं. दिवसभर उभं राहिलं, भार घेतला की त्या चपट्या होतात, रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त उंच असतो. खुर्चीवर बसणाऱ्या बाबूचंही असंच होतं. भरतीची पोरं हे अनुभवानं जाणतात. मोजणीच्या आदल्या रात्री बसस्टँडवर पाठ टेकून झोपून राहतात, उभी राहत नाहीत. पण हाच घसरलेला सेंटिमीटर पाहून एखाद्या बापानं पोराचा पाइप काढून घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्यानं डोळ्यांनी पाहिलं असतं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलेलं नसतं.

माझी स्वतःची उंची 161. पी.टी.चा मास्तर म्हणून मला पाहून नवीन पोरं गालात हसतात, चालायचंच. माझ्या बापानंही मला आखाड्यात जाऊ दिलं नव्हतं, याच कारणानं. विशीपर्यंत मी एक मुगदर फिरवला नाही, आणि 161 वरच राहिलो. पोलिस भरतीचा फॉर्म मी कधी भरलाच नाही.

मुलाची अंदाजे उंची काढायचं डॉक्टर लोकांचं एक साधं गणित आहे. आई आणि बाप यांची उंची मिळवायची, मुलगा असेल तर त्यात 13 घालायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे, मग निम्मे. युरिया उतरवणाऱ्या त्या मुलाचा बाप 163, आई 150. बेरीज 313, अधिक 13, निम्मे 163. आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडंतिकडं होऊ शकतं. पण मधला आकडा 163. म्हणजे पाइप उचलला काय आणि नाही काय, 165 ची रेघ त्याच्यासाठी पहिल्यापासून कठीणच होती. यात एक मेखही आहे. हे गणित असं धरून चालतं, की आईबाप त्यांच्या अंगात होती तेवढी उंची पुरी वाढले. त्याची आई तिच्या मायच्या पोटात होती तेव्हा ती माय रोजगार हमीवर गिट्टी फोडत होती. ते 150 सेंटिमीटर त्या बाईच्या रक्ताचे किती आणि तिच्या मायच्या उपासमारीचे किती?

पोटभर खाणाऱ्या समाजात उंचीतला सुमारे 80 टक्के फरक आनुवंशिक असतो असं मानतात. बाळपणीच कुपोषण झालं तर मात्र रक्तात असलेली उंचीसुद्धा अंगात उतरत नाही. दक्षिण कोरियाच्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत वीस सेंटिमीटरनं वाढली. तिथल्या बायकांचं रक्त काही बदललं नाही, ताट बदललं, पाणी बदललं, आजार कमी झाले. आपल्याकडं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं ठेंगणी निघाली. आधीच्या फेरीत हा आकडा 34.4 होता. राज्य श्रीमंत होत गेलं आणि हा आकडा जागचा हलला नाही, उलट थोडा वरच गेला. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या कुपोषणाची गोष्ट तर तीस वर्षांपासून वर्तमानपत्रांत येते आहे. ठेंगणेपणाचा पाया बाळ पोटात असल्यापासून पहिल्या दोन वर्षांत पडतो. तेव्हा त्या बाळाच्या हाताला खुळखुळ्यापेक्षा जड काही लागलेलं नसतं.

थोडीफार भरपाई करायची दुसरी संधी शरीर देतं ती वयात येताना. मुलगा तेरा-चौदाचा असताना एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो, मुलगी त्याच्या दोनेक वर्षं आधी आठ. ही वाढ व्हायला माल लागतो. आता आमच्या शाळेत काय होतं ते पाहा. पाचवी ते आठवीच्या पोरांना शाळेत खिचडी मिळते. शासनाचा हिशोब असा, की सहावी ते आठवीच्या मुलाला त्या एका जेवणातून 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत. रोज तेवढी मिळतात असं मी छातीठोक सांगणार नाही, वरण कधीकधी पाण्यासारखं असतं. पण मिळतं काहीतरी. नववीत गेला की ते बंद. योजना आठवीपर्यंतचीच आहे. जूनमध्ये मुलगा नववीत येतो, चौदा वर्षांचा असतो, हाडातली पट्टी भट्टीसारखी पेटलेली असते आणि नेमक्या त्या महिन्यात सरकार त्याच्यापुढची थाळी उचलतं. मधल्या सुट्टीत नववीची पोरं कडुनिंबाखाली बसतात. डब्यात भाकर, ठेचा, कधी आलूची भाजी. पलीकडं व्हरांड्यात आठवीच्या रांगा बसलेल्या असतात. खिचडीचा वास इकडं येतो. एकदा नववीतल्या दोघांनी आठवीच्या रांगेत बसून खाल्लं म्हणून त्यांना सगळ्यांपुढं उभं केलं गेलं. मी तिथंच होतो, आणि काही बोललो नाही. ते अजून टोचतं.

त्यात अंड्याचं राजकारण वेगळंच. 2023 मध्ये आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं. कुठं केळी, कुठं अंडं असं सुरू झालं, आणि 2025 च्या सुरुवातीला त्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 55 ग्रॅम लागतात. आम्ही सोयाबीन पिकवतो. त्यात डाळीहून दीडपट प्रथिनं. ते सगळं कट्ट्यांत भरून बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात, उरलेली ढेप कोंबड्यांना. आमच्या घरांत सोयाबीन खाल्लं जात नाही, पचत नाही, वास येतो म्हणतात. भाजून, दळून, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पिठात शेराला पावशेर मिसळलं तर वास येत नाही. माझ्या घरी दहा वर्षं चालू आहे. कच्चं मात्र खाऊ नये, ते नीट भाजलंच पाहिजे. तुरीचं वरण, भाजलेले फुटाणे, जवस, तीळ, दूध असेल तर दूध. शेतात जे आहे तेवढंसुद्धा ताटात आलं तरी फरक पडेल.

मुलींविषयी तर कोणी हा प्रश्नच विचारत नाही. सातवीतली पोरगी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन येते, वेचणीच्या दिवसांत तीस किलोची कापसाची गठोडी डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून चालते, तेव्हा "वाढतं हाड हाय" असं म्हणणारी आजी मला अजून भेटायची आहे. मग तीच मुलगी शाळेत गोळाफेकीला उभी राहिली की, "बाईच्या जातीले कायले ते?" पोलिस भरतीत मुलींना 4 किलोचा गोळा फेकावा लागतो, मुलांना 7.26 किलोचा. 50 गुणांच्या मैदानी चाचणीत 15 गुण त्या एका गोळ्याचे. हातात ताकद नसलेली पोर तिथं मागं राहते. आणि रक्ताचं काय? त्याच सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. गडचिरोली, चंद्रपूरकडं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, त्यानं वाढ आणि वयात येणं दोन्ही लांबतं. मुलगी थकते, धाप लागते म्हणून खेळ सोडते, आणि घरचे म्हणतात बरंच झालं.

लोखंडाच्या भीतीला काहीच आधार नाही, असं मी म्हणणार नाही. दोन आधार आहेत आणि दोन्ही नेमके दुर्लक्षित.

पहिला म्हणजे उपाशीपोटी घाम. पहाटे पाचला उठून चहावर 1600 मीटर, मग जोर, मग बैठका, मग शेतात डवरणी, मग कॉलेज. एवढं करून ताटात दोन भाकरी. शरीराला मिळतं त्याहून जास्त सतत खर्च होत राहिलं तर वयात येणं लांबतं, वाढ मंदावते. वजनगट गाठायला जेवण तोडणाऱ्या पोरांत आणि कोवळ्या वयात भरमसाट सराव करणाऱ्या जिम्नॅस्ट मुलींत याची लक्षणं पाहायला मिळतात. दोष भुकेचा असतो, पण घरच्यांना दिसतो तो फक्त व्यायाम.

दुसरा आधार तालुक्याच्या गावच्या जिममध्ये आहे. निऑनचे दिवे, भिंतभर आरसे, मोठ्या आवाजातली गाणी आणि छातीवर बनियन ताणून फिरणारा ट्रेनर. हा आदल्या वर्षापर्यंत स्वतः गिऱ्हाईक होता. तो पोराला महिनाभरात "साइज" देतो. आधी पावडरचा डबा, मग "एक छोटासा कोर्स". हा कोर्स म्हणजे पुष्कळदा पुरुषी संप्रेरकाच्या जातीची स्टेरॉइड्स, गोळी नाहीतर इंजेक्शन. त्यातला काही भाग शरीरात स्त्री-संप्रेरकात बदलतो, आणि हाडाची पट्टी बंद करायचा हुकूम तेच देतं. पंधरा-सोळाच्या पोरानं हे घेतलं तर पट्टी वेळेआधी मिटू शकते. दंड फुगतात, उंची तिथंच थांबते. म्हणजे "जिमला गेला आणि बुटका राहिला" हे एखाद्या घरी शब्दशः खरं असेल. त्या घरानं डंबेलला दोष दिला आणि सुईचं नाव कोणाला कळलंच नाही. मेडिकलवर मिळणाऱ्या वजन वाढवायच्या गोळ्यांची गत वेगळी नाही. त्यांत काही वेळा दुसऱ्या जातीची स्टेरॉइड्स असतात. चेहरा गोल होतो, वजन वाढलं असं वाटतं, आणि वाढत्या वयात ती बरेच दिवस पोटात गेली तर उंचीच दबते. आजीची "दबून जाईन" ही भीती इथं लागू पडते, पण गोळ्या आणायला कोणी हरकत घेत नाही, कारण पोरगं "भरलेलं" दिसतं.

"मंग सर, उचलू द्याचं का पोट्ट्याइले काहीबी?" हा ग्रामसभेतला प्रश्न. नाही. मुलाला सांगितलेलं समजतं आणि तो ऐकतो, तेव्हापासून सुरुवात करता येते, आणि सुरुवात रिकाम्या काठीनं. पाठ सरळ, गुडघे कुठं, श्वास कधी, हे आधी. मग दहा-पंधरा वेळा सहज उचलता येईल एवढंच वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पाच-दहा टक्क्यांच्या वर एकदम वाढवायचं नाही. मोबाइल समोर धरून "आज किती उचलतो पाहा" हा प्रकार बंद. आणि शिकवणारा जागेवर असलाच पाहिजे. जिममध्ये मुलांना होणाऱ्या इजांत पायावर पडलेली, बोटात अडकलेली वजनं आणि वाकड्या पाठीनं घेतलेला हट्ट, हेच जास्त. युरियाची गोणी उचलण्यातही हाच हट्ट आहे. वाकलेली पाठ, न तोललेलं वजन, शिकवणारा नाही, विश्रांती नाही, पोटात अन्न नाही. आणि फवारणीच्या दिवसांत 16 लिटरचा पंप पाठीवर बांधून औषधाच्या फवाऱ्यात चालणारा मुलगा. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली, ते आपण विसरलो की काय? 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याची कामं देऊ नयेत, असा 2016 ची दुरुस्ती झालेला कायदा आहे. तो तालुक्याच्या कार्यालयात असेल, बांधावर मी पाहिलेला नाही.

हे सगळं परक्यांचं शास्त्र आहे असंही कोणी समजू नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात 1914 ची. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथलं पथक देशी व्यायाम आणि खेळ दाखवायला गेलं होतं. वऱ्हाडातल्या गावोगावच्या आखाड्यांत मिसरूड न फुटलेली पोरं मुगदर फिरवत, मल्लखांबाला लपेटत. उस्ताद बसलेला असे. कोणी किती करायचं ते तो ठरवी आणि नंतर दूध पाजी. शिकवणं, बेतानं वाढवणं आणि खाऊ घालणं, तिन्ही एका जागी होती. पुढं आखाडे पडले, जागा राहिल्या, आता त्यांवर मंगल कार्यालयं आहेत.

ग्रामपंचायतीनं आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं हिरव्या-पिवळ्या रंगाची खुली जिम बसवली आहे. तिच्यावर बायका वाळवण घालतात, लहान पोरं झोके घेतात. ती चालवायला माणूस नाही. मी ग्रामसभेत दिलेल्या अर्जात यंत्रं मागितलीच नाहीत. एक शिकवणारा मागितला, सकाळी दीड तास, मुलामुलींना वेगळ्या वेळा. आणि दुसरी मागणी अशी, की नववी ते बारावीच्या पोरांसाठी मधल्या सुट्टीत निदान मूठभर फुटाणे, गूळ आणि एक अंडं, अंडं न खाणाऱ्याला दूध. पहिल्या मागणीवर बराच वेळ चर्चा झाली. दुसरीवर ग्रामसेवक म्हणाले, हा विषय ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. मी म्हणालो, "उंची कमी भरली म्हणून परत आलेली पोरं तरी येतात का कोणाच्या अखत्यारीत?" थोडं हसू झालं आणि पुढचा विषय पांदण रस्त्याचा निघाला.

तो बारावीचा मुलगा आता पुन्हा येतो. आजीला मी समजावून सांगितलं नाही, नुसतं सांगून ती ऐकणारी नव्हे. सकाळी सहाला तिच्यासमोर, तिच्याच ओट्याच्या खांबाला टेकवून त्याला मोजलं, आणि कट्टे उचलून आल्यावर संध्याकाळी पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा. गेलेला सेंटिमीटर परत आलेला पाहून ती बराच वेळ खांबाकडं पाहत राहिली. मुलगा 164.5 वर अडला आहे. अठरा पूर्ण झाले, आता फार वाढेल असं वाटत नाही. वनरक्षकाला 163 लागते, तो फॉर्म त्यानं भरायचा ठरवला आहे. टिपेश्वरचं जंगल तसंही जवळ पडतं.

त्याचा धाकटा भाऊ या जूनमध्ये नववीत आला. भिंतीवर रेघेच्या खाली पेन्सिलनं त्याची खूण केली आहे, 152. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, प्रार्थनेच्या आधी, तो चप्पल काढून उभा राहतो. चार महिन्यांत तीन सेंटिमीटर. परवा मधल्या सुट्टीत मी मुद्दाम त्याच्या डब्यात डोकावलो. भाकर, ठेचा आणि उकडलेलं एक अंडं, अर्ध्यात कापलेलं. म्हणाला, "आजीनं लाल कोंबडी इकली नाही सर, राहू देल्ली."